एअरब्रशसाठी रंग घेताना आधी थिनर ठरवा

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं अवजार, हातात आला की विमान-रणगाड्यांची छोटी मॉडेल करणारा नवीन मॉडेलर पहिला प्रश्न विचारतो: कोणत्या कंपनीचे रंग घेऊ? प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर कंपनीच्या नावात सापडत नाही. बाटलीतला रंग एअरब्रशमधून जसाच्या तसा क्वचितच उडवता येतो. तो पातळ करावा लागतो, आणि तो कशाने पातळ होतो यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. वास किती येणार, रंग किती वेळात सुकणार, नॉझल किती वेळा तुंबणार, मास्किंग टेप काढताना रंग सोबत निघणार की नाही, आणि शेवटी एअरब्रश कशाने धुवायचा. म्हणून माझं सांगणं असं की आधी थिनर, म्हणजे रंग पातळ करणारं द्रव, ठरवा. तो तुमच्या घराला आणि हवामानाला मानवणारा असला, की रंग निवडणं बरंच सोपं होतं.

पुढचं सगळं प्लास्टिकच्या किटबद्दल आहे. तुमच्याकडे वरून कप असलेला, डबल अ‍ॅक्शन (एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही वेगवेगळे सोडणारा), ०.३ मिमी सुईचा एअरब्रश आणि टाकी असलेला लहान कॉम्प्रेसर आहे असं मी धरून चालतो. उदाहरणासाठी १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, १९४० सालचं स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान घेऊ. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि त्याला मोजके तीन मुख्य रंग लागतात: वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून स्काय.

पहिली पायरी: रंग कुठे उडवणार ते बघा

एअरब्रश रंगाचे इतके बारीक कण करतो की ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. त्यामुळे खरेदीच्या आधी घरात एक फेरी मारा. उघडणारी खिडकी कुठे आहे? तिच्यात एक्झॉस्ट पंखा बसेल का? स्प्रे बूथचा पाइप बाहेर काढता येईल का? त्याच खोलीत लहान मूल झोपतं का, घरात कुणाला दमा आहे का? स्वयंपाकघर किती जवळ आहे? लॅकर आणि अल्कोहोलवर चालणाऱ्या रंगांची वाफ पेट घेते. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल यांपैकी काहीही पेटलेलं असेल त्या खोलीत हे रंग उडवायचे नाहीत. यात सूट नाही.

मास्कबद्दलही आत्ताच सांगतो, कारण त्याचे पैसे रंगांच्या बजेटमध्येच धरायला हवेत. कापडी किंवा एन-९५ मास्क रंगाचे कण काही प्रमाणात अडवतो, सॉल्व्हंटची, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवाची, वाफ मात्र अडवत नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा, रबराचा अर्धा मास्क लागतो, आणि कार्ट्रिजवर कणांसाठी वेगळा फिल्टर चढवावा लागतो. मास्क घालूनही वास येऊ लागला तर कार्ट्रिज संपली, ती बदला. पाण्याचे रंग वापरणाऱ्यांनीही कणांपुरता मास्क लावायलाच हवा. रंग पाण्यात मिसळणारा असला तरी त्यातलं रंगद्रव्य आणि रेझिन (रंग धरून ठेवणारा चिकट घटक) फुफ्फुसात जाऊन काही भलं करत नाही.

या फेरीनंतर तुमचं उत्तर दोनपैकी एक असेल. एक तर बाहेर हवा फेकण्याची सोय आहे, किंवा नाही. नसेल तर आत्ताच ठरवून टाका की सुरुवात पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकने करायची. पुढचं कितीही मोहात पाडणारं असलं तरी हा निर्णय बदलू नका.

दुसरी पायरी: रंगांची चार कुळं ओळखा

दुकानात ब्रँड डझनभर दिसतात, पण थिनरच्या हिशोबाने कुळं चारच आहेत.

पहिलं कुळ लॅकरचं. जपानच्या जीएसआय क्रिऑसचे मिस्टर कलर, टामियाचे एलपी, स्लोव्हाकियाचे एमआरपी हे यातले. रेझिन तीव्र सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं असतं आणि सॉल्व्हंट उडून गेलं की रंग सुकतो. बारीक थर काही मिनिटांत हात लावण्याइतका सुकतो. सॉल्व्हंट प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करून त्यात रुततं, त्यामुळे पकड उत्तम बसते. थर इतका पातळ बसतो की १/७२ वरच्या पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्याचे जोड दाखवणाऱ्या बारीक खाचा, बुजत नाहीत. एअरब्रशमधून याच्याइतकं सुरळीत दुसरं काही उडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण वास उग्र, वाफ घातक आणि ज्वलनशील. बाहेर हवा फेकण्याची सोय नसेल तर हे कुळ तुमच्यासाठी नाही.

दुसरं कुळ अल्कोहोलच्या अ‍ॅक्रिलिकचं. टामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिका, तसंच क्रिऑसच्याच मिस्टर हॉबीचे अ‍ॅक्विअस, म्हणजे एच क्रमांकाचे रंग. बाटलीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं म्हणून लोक यांना पाण्याचे रंग समजतात, पण त्यांची वागणूक निराळी आहे. ते पाण्यात मिसळतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळतात, स्वतःच्या थिनरमध्ये मिसळतात आणि लॅकर थिनरमध्येसुद्धा छान मिसळतात. नवशिक्याला ही लवचिकता फार उपयोगी पडते. एकच बाटली, पण थिनर बदलला की तिचा स्वभाव बदलतो. ब्रशने मात्र टामिया लावायला अवघड जातो, कारण दुसरा हात फिरवताना खालचा थर उचलला जातो.

तिसरं कुळ खऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकचं. स्पेनच्या वायेहोचे मॉडेल कलर आणि मॉडेल एअर, एके इंटरॅक्टिव्ह या कंपनीची थर्ड जनरेशन, इटलीचे लाइफकलर. यात रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि पाणी उडालं की एकमेकांना चिकटून त्यांचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण तयार होतं. एकदा ते तयार झालं की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. यातच या कुळाचा गुण आहे आणि दोषही. घरात वास जवळजवळ नसतो, पण सुईच्या टोकावर रंग सुकला तर तो पाण्याने सुटत नाही, पुसून किंवा क्लीनरने काढावा लागतो. प्लास्टिकवर तो रुतत नाही, नुसता बसतो. त्यामुळे खाली चांगला प्रायमर, म्हणजे रंगाला पकड देणारा पहिला थर, नसेल तर टेपबरोबर सालपटासारखा निघतो.

चौथं कुळ एनॅमलचं, ब्रिटनच्या हम्ब्रोलच्या लहान डब्या आपल्यातल्या जुन्या मॉडेलर्सना चांगल्या ठाऊक आहेत. व्हाइट स्पिरिटने पातळ होणारे हे रंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन हळूहळू पक्के होतात. एकेका थरासाठी दिवस दिवस थांबावं लागतं. ब्रशने लावायला सुंदर, एअरब्रशमधूनही उडतात, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी मुख्य रंगासाठी एनॅमल सुचवत नाही. त्याची खरी जागा पुढे वॉश (खाचांत सोडायचा अगदी पातळ गडद रंग) आणि वेदरिंगमध्ये (मॉडेल वापरलेलं, मळलेलं दाखवण्यात) आहे.

लहानपणापासून ओळखीचे कॅमलचे ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक चालतील का, हा प्रश्न हमखास येतो. कॅमलिन १९३१ पासूनचं आपल्या मुंबईतलं घर, चित्रकलेच्या तासापासून त्याच्याशी नातं आहे. पण ते रंग कागद, कापड आणि कॅनव्हाससाठी बनवलेले असतात. तिथे दाटपणा हवा असतो, ०.३ मिमीच्या नॉझलमधून जाण्याइतका बारीक दळलेला रंग नको असतो. मॉडेलच्या पायाखालची जमीन, चिखल, डायोरामातल्या (मॉडेलभोवती रचलेल्या देखाव्यातल्या) भिंती यांसाठी ते बिनधास्त वापरा, ब्रशने. एअरब्रशच्या कपात घालू नका.

तिसरी पायरी: लेबल नीट वाचा

कुळं ओळखली तरी दुकानात चूक होते ती सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमुळे. टामिया अ‍ॅक्रिलिक आणि एनॅमल दोन्ही बनवते आणि दोन्हींना एक्स व एक्सएफ हेच क्रमांक देते. एक्सएफ-१ म्हणजे फ्लॅट ब्लॅक, दोन्हीकडे. म्हणून नुसता क्रमांक सांगून ऑर्डर देऊ नका, 'अ‍ॅक्रिलिक' हा शब्द सोबत लिहा. मिस्टर कलरची मालिका लॅकर आणि त्याच कंपनीची एच मालिका अ‍ॅक्रिलिक. वायेहोच्या ड्रॉपर बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण ७० ने सुरू होणारा क्रमांक मॉडेल कलर, म्हणजे ब्रशसाठीचा दाट रंग, आणि ७१ ने सुरू होणारा मॉडेल एअर, म्हणजे एअरब्रशसाठी आधीच पातळ केलेला. हम्ब्रोलचं टामियासारखंच, २९ क्रमांक म्हणजे डार्क अर्थ, मग रंग एनॅमलचा असो की अ‍ॅक्रिलिकचा.

टामियात एक्स म्हणजे चकचकीत, एक्सएफ म्हणजे मॅट. एअरब्रशने काम करताना बाटलीतला रंग मॅट आहे की चकचकीत याची फार काळजी करू नका. शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, ते ठरवतो.

चौथी पायरी: थिनर

आता मुद्द्यावर येऊ. सर्वसाधारण नियम साधा आहे: ज्या कंपनीचा रंग, त्याच कंपनीचा थिनर. वायेहोसाठी वायेहोचा, टामिया अ‍ॅक्रिलिकसाठी एक्स-२०ए, मिस्टर कलरसाठी मिस्टर कलरचा. सुरुवातीचे काही महिने एवढंच पाळलं तरी कपात कधी गोळे होणार नाहीत.

नियमाला एक अपवाद मात्र मी आग्रहाने सांगतो. टामियाचा अ‍ॅक्रिलिक मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरने पातळ करून बघा. हा लॅकरचा थिनर आहे आणि त्यात सुकणं लांबवणारा रिटार्डर आधीच असतो. त्यामुळे रंगाचे थेंब पृष्ठभागावर पडल्यावर सपाट व्हायला वेळ मिळतो, टोकावर रंग सुकत नाही आणि पकडही घट्ट बसते. फक्त यात एक अट आहे. लॅकर थिनर वापरलात की सुरक्षिततेच्या दृष्टीने तुम्ही लॅकरच उडवता आहात, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. मास्क, खिडकी, समई, सगळे नियम लागू.

मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल टामियासाठी स्वस्त पर्याय आहे आणि चालतं. ते फार लवकर उडतं, म्हणून उन्हाळ्यात रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. थंड दिवसांत किंवा साफसफाईसाठी ते उत्तम. पण हेच अल्कोहोल वायेहोत घालू नका. रंग फाटल्यासारखा होऊन चिकट गोळा बनतो आणि मग नॉझल उघडून साफ करण्याशिवाय इलाज उरत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर? फर्निचर पॉलिशसाठी असलेला हा थिनर लॅकर धुवायला चालतो आणि स्वस्त पडतो. पण त्यातली सॉल्व्हंटं प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी प्लास्टिक खाण्याइतकी तिखट. त्याने रंग पातळ करून मॉडेलवर उडवू नका. धुतानाही अख्खा एअरब्रश त्यात रात्रभर बुडवून ठेवायचा नाही, आतली रबरी रिंग फुगते.

किती पातळ करायचं? टामियात रंगाइतकाच थिनर घालून सुरुवात करा, लेव्हलिंग थिनर असेल तर रंगाच्या दीडपट ते दुप्पट. मिस्टर कलरलाही दीडपट ते दुप्पट. वायेहो मॉडेल एअरला थिनरचे थोडे थेंब पुरतात, मॉडेल कलरला निम्मा-निम्मा आणि वर फ्लो इम्प्रूव्हरचे (रंग सुरळीत वाहता ठेवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. एमआरपीसारखे रंग बाटलीतूनच पातळ येतात, त्यांना काही लागत नाही.

पण आकड्यांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. कपात आधी थिनर घाला, मग रंग. आधी दाट रंग पडला तर तो थेट नॉझलच्या तोंडात जाऊन बसतो. जुन्या ब्रशने ढवळा आणि ब्रशने तो रंग कपाच्या आतल्या कडेवर थोडा वर ओढा. तो खाली घसरताना मागे एकसारखा पातळ थर ठेवत गेला, दूध प्यायल्यावर पेल्याच्या काचेला राहतो तसा, तर बरोबर. थर जाड राहिला आणि घसरायलाच तयार नाही, तर थिनर हवा. पाण्यासारखा झटकन उतरला आणि धातू स्वच्छ दिसू लागला, तर रंग हवा. ही परीक्षा दर वेळी करा, कारण जुन्या बाटलीतला रंग घट्ट झालेला असतो आणि नव्या बाटलीचं प्रमाण त्याला लागू पडत नाही.

पाचवी पायरी: हवामानाचा हिशोब

इंग्रजी आणि जपानी पुस्तकांतली प्रमाणं कोरड्या, थंड खोलीत ठरलेली असतात. आपल्याकडे जुलैतल्या रत्नागिरीत आणि मे महिन्यातल्या चंद्रपुरात तेच प्रमाण दोन वेगळे परिणाम देतं. रंग निवडताना हे लक्षात घेतलं नाही तर लोक चांगल्या रंगाला नावं ठेवतात.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. सॉल्व्हंट वेगाने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. चकचकीत काळा रंग राखाडी दिसू लागतो. अशा वेळी लवकर उडणारा थिनर टाळून रिटार्डर असलेला लेव्हलिंग थिनर घ्या, बारीक थर द्या आणि प्रत्येक थरानंतर नेहमीपेक्षा जास्त थांबा. झाक आलीच, तर हवा कोरडी असलेल्या दिवशी त्यावरून नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा ती निघून जाते. मुसळधार पावसाच्या दिवशी क्लिअर कोट मात्र देऊच नका.

याच दिवसांत कॉम्प्रेसरकडेही लक्ष द्या. दाबलेली हवा गार झाली की तिच्यातलं पाणी टाकीत आणि नळीत साठतं. रंगाच्या मधोमध अचानक पाण्याचा थेंब पडतो आणि दोष रंगाला जातो. रेग्युलेटरखालच्या वाटीतलं पाणी दर वेळी काढा, टाकीच्या बुडाचा स्क्रू उघडून टाकीही रिकामी करा.

विदर्भ-मराठवाड्यात उलटं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पाण्याचा अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर काही क्षणांत सुकतो. फवारा तुटक येतो, मग एकदम थुंकल्यासारखे थेंब उडतात. तिथे वायेहो वापरणाऱ्याने रिटार्डर किंवा फ्लो इम्प्रूव्हर पहिल्याच खरेदीत घ्यावा, आणि काम सकाळी लवकर करावं. हाताशी ओला कापसाचा बोळा ठेवा आणि अधूनमधून सुईचं टोक हलकेच पुसा. टामियाला कंपनीचाच अ‍ॅक्रिलिक रिटार्डर मिळतो, त्याचे थोडे थेंब पुरतात. जास्त घातला तर रंग दिवसभर चिकट राहतो.

सहावी पायरी: सुई आणि दाब

०.३ मिमीची सुई चारही कुळांना चालते. ०.२ मिमी घेतली असेल तर लॅकर आणि पातळ टामिया मजेत जातील, पाण्याचा रंग आणि प्रायमर त्रास देतील. ज्यांना वायेहोच वापरायचा आहे त्यांनी ०.२ च्या मोहात पडू नये.

दाबाचं म्हणाल तर लॅकर आणि टामियाला १५ पीएसआयच्या (कॉम्प्रेसरच्या दाबमापकावरचं एकक) आसपास, वायेहोला २० ते २५. बारीक रेषेसाठी दाब कमी आणि रंग आणखी पातळ, असं दोन्ही मिळून करावं लागतं. नुसता दाब कमी केला आणि रंग दाटच ठेवला तर ठिपके येतात.

सातवी पायरी: प्रायमर

लॅकरच्या मार्गाने जाणाऱ्यांनी मिस्टर सरफेसर १००० किंवा १५०० घ्यावा. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. १/७२ विमानाला १५००, रणगाड्याला १००० पुरे. बाटलीतला सरफेसर लेव्हलिंग थिनरने दुपटीपर्यंत पातळ करून एअरब्रशनेच मारता येतो.

पाण्याच्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी वायेहोचा सरफेस प्रायमर आहे. तो पॉलियुरेथेनचा आहे, त्यामुळे सुकल्यावर लवचिक राहतो आणि पॉलिश पेपरने घासायला गेलात तर पावडर होण्याऐवजी रबरासारखा सोलून येतो. तेव्हा घासायचं सगळं प्रायमरच्या आधी घासून घ्या आणि प्रायमरला निदान एक पूर्ण दिवस द्या. त्याआधी किटचे भाग भांड्यांच्या साबणाने धुवून वाळवायला विसरू नका. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य आणि आपल्या बोटांचा घाम, दोन्हींवर पाण्याचा रंग टिकत नाही.

राखाडी, काळा की पांढरा? पहिल्या किटला राखाडी घ्या. सांध्यातली फट आणि सँडिंगचे ओरखडे राखाडीवर सगळ्यात स्वच्छ दिसतात.

आठवी पायरी: नेमकी यादी करा

आता स्पिटफायरला येऊ. मोठमोठे सेट घेऊ नका. बारा बाटल्यांच्या सेटमधल्या आठ पुढची दोन वर्षं उघडत नाहीत. १/७२ च्या लढाऊ विमानाला एका रंगाचे काही मिलीलिटरच लागतात, त्यामुळे टामियाची १० मिलीची बाटलीही दोन-तीन विमानांना पुरते.

टामियाच्या मार्गाने गेलात तर डार्क ग्रीनसाठी एक्सएफ-८१, डार्क अर्थसाठी एक्सएफ-५२, खालच्या बाजूला एक्सएफ-२१. यातला एक्सएफ-८१ ब्रिटिश हवाई दलाच्या हिरव्यासाठीच बनवलेला आहे. एक्सएफ-५२ हा सर्वसाधारण मातकट रंग आहे, नेमका डार्क अर्थ नाही, पण पहिल्या मॉडेलला मला तो पूर्ण मान्य आहे. मिस्टर कलरमध्ये जास्त काटेकोर छटा मिळतात: ३६१ डार्क ग्रीन, ३६९ डार्क अर्थ, ३६८ स्काय. त्यांच्या लेबलवर बीएस ३८१सी हा ब्रिटिश मानकाचा क्रमांकही दिसतो.

हे मानकांचे क्रमांक वाचायची सवय लावून घ्या. ब्रिटिश रंगांना बीएस, अमेरिकनांना एफएस, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांना आरएलएम. किटच्या कागदावर एकाच कंपनीचे क्रमांक दिलेले असतात आणि ते तुमच्याकडे नसले तर मानकाच्या क्रमांकावरून दुसऱ्या कंपनीची बाटली शोधता येते. याचा आपल्याकडे एक थेट उपयोग आहे. १९७९ मध्ये भारतीय हवाई दलाची पहिली जॅग्वार ब्रिटिश हवाई दलाकडून उसनी आली. डार्क सी ग्रे म्हणजे बीएस ६३८ आणि डार्क ग्रीन म्हणजे बीएस ६४१, ही त्या ब्रिटिश छलावरणाची जोडी. मिस्टर कलरमध्ये ३३१ आणि ३३०. भारतीय खुणांची विमानं करायची असतील तर अशी मुळं शोधणं फार आनंदाचं काम आहे.

पहिल्या खरेदीत मी हे घ्यायला सांगेन: तीन मुख्य रंग, काळा, पांढरा, टायरसाठी गडद राखाडी, एक चंदेरी, राखाडी प्रायमर, चकचकीत क्लिअर, मॅट क्लिअर, आणि थिनरची मोठी बाटली. थिनरमध्ये हात आखडू नका. तो रंगाच्या कित्येक पट संपतो, आणि लहान बाटल्या घेणं महागात पडतं. लॅकर आणि त्याचा थिनर ज्वलनशील असल्याने विमानाने कुरियर होत नाही, जमिनीवरून येतो आणि वेळ लागतो. तुमच्या गावात हॉबीचं दुकान नसेल तर थिनर अर्धा उरला की पुढची ऑर्डर द्या.

शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा मॉडेलवर सहसा वापरू नका. लहान स्केलवर तेच रंग जास्त गडद आणि कडक दिसतात. काळ्यात थोडा राखाडी, हिरव्यात पांढऱ्याचे दोन-चार थेंब घातले की विमान खेळण्यासारखं दिसायचं थांबतं.

चकचकीत उघड्या धातूची विमानं, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या मिग-२१ सारखी, पहिल्याच झटक्यात करू नका. त्यांचे धातूचे रंग वेगळे घ्यावे लागतात. अल्क्लॅड या ब्रँडचे लॅकर प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या चकाकीच्या छटांना खाली आरशासारखा चकचकीत काळा थर लागतो आणि त्यात बोटाचा ठसासुद्धा दिसतो. घरात लॅकर चालत नसेल तर वायेहोचे मेटल कलर हे पाण्याचे असूनही खरोखर सुंदर बसतात.

नववी पायरी: थरांचा क्रम

एकाच मॉडेलवर वेगवेगळी कुळं वापरता येतात, फक्त क्रम सांभाळायचा. तीव्र थर खाली, सौम्य थर वर. लॅकरच्या प्रायमरवर टामिया किंवा वायेहो चालतो. अ‍ॅक्रिलिक पूर्ण सुकल्यावर त्यावर एनॅमलचा वॉश चालतो आणि तो व्हाइट स्पिरिटने पुसताही येतो, खालचा रंग हलत नाही. उलट एनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो.

डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या, आधी चकचकीत क्लिअर हवाच, कारण मॅट पृष्ठभागाच्या खडबडीत दाण्यांत हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी डाग दिसतात. टामियाचा एक्स-२२ लेव्हलिंग थिनरने पातळ केला की काचेसारखा बसतो. डिकल, मग वॉश, मग सगळ्यात शेवटी मॅट.

गंडम, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या रोबोंची किट, करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्यातल्या सांध्यांचे भाग बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकचे असतात आणि घट्ट बसवलेले असल्यामुळे ताणाखाली असतात. एनॅमलचा वॉश त्या उघड्या प्लास्टिकमध्ये झिरपला तर भाग तडकतो. वॉश करायचाच असेल तर भाग सुटे असताना, क्लिअर कोट दिल्यावर, आणि अगदी थोडा.

दहावी पायरी: मॉडेलच्या आधी चमच्यावर

प्लास्टिकचे पांढरे चमचे आणून त्यांना तुमच्या प्रायमरचा थर द्या. प्रत्येक नवीन बाटली उघडली की एक चमचा रंगवा आणि मागे परमनंट मार्करने लिहा: रंगाचा क्रमांक, थिनर, प्रमाण, दाब, महिना. अर्ध्या चमच्यावर मॅट क्लिअर मारा. दुसऱ्या दिवशी त्याच चमच्यावर पिवळी मास्किंग टेप लावून, नखाने दाबून, हळूच मागे वळवत काढा. रंग टेपवर आला तर प्रायमर, धुणं किंवा सुकवण्याचा वेळ यांपैकी काहीतरी कमी पडलं. पोत हाताला खरखरीत लागला तर एअरब्रश लांब धरला गेला, किंवा थिनर लवकर उडाला. रंगाला ओघळ आला तर फार जवळून किंवा फार पातळ मारला. पावसाळ्यातला चमचा आणि उन्हाळ्यातला चमचा शेजारी ठेवले की तुमच्या घराचं प्रमाण तुम्हाला कुठल्याही तक्त्यापेक्षा नेमकं कळतं.

काम झालं की त्याच बैठकीत एअरब्रश धुवा. वायेहोसाठी आधी पाणी, मग एअरब्रश क्लीनर. टामियासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. लॅकरसाठी लॅकर थिनर. कुळ बदलताना मधे पूर्ण धुणं हवं, नाहीतर आत उरलेल्या वायेहोवर लॅकर थिनर पडून चिकट थर तयार होतो. धुतलेलं सॉल्व्हंट बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बरणीत साठवा. रंग तळाशी बसला की वरचं स्वच्छ थिनर पुढच्या धुण्याला वापरता येतं. टामियाच्या आणि मिस्टर कलरच्या बाटलीचं तोंड बंद करण्याआधी कापडाने पुसून घ्या, आटे स्वच्छ राहिले तर झाकण घट्ट बसतं आणि पुढच्या वर्षीही ते पकडीशिवाय उघडतं.